खुराड्याचं दार

मुंगूस तिसऱ्यांदा आलं त्या रात्री
चौकडी गेली, आणि नॅपकिनचा एक पाय.
(नावं मी ठेवलेली. कारखान्यातल्या मालाची.)
सकाळी नागमणी पिसं वेचत होती सुपात,
काही न बोलता.
खडखडाट एकदम थांबला की
जॉबर दचकतो, तसा मी दचकलो.

एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला माग दुरुस्त केले.
बंद पडलेलं चालू करायचं,
एवढंच माझं शिक्षण.
दार लावायचं काम मात्र तिचं.
विड्यांचं सूप बाजूला सारायचं,
गुडघ्यावर हात देऊन उठायचं,
परसात सतरा पावलं.
त्या संध्याकाळी गुडघ्यानं तिला उठू दिलं नाही,
आणि मी पारावर पत्ते खेळत होतो.

भंगारातून आणली
मारुतीच्या काचेची मोटार, दीडशेला.
तेलाचा डबा कापून पत्रा सरळ केला.
दोर मागाचा, मेण चोळलेला.
वजनाला जुना धोटा,
ज्यानं आयुष्यभर आडवी धाव घेतली,
आता उभा लटकतो, वर-खाली.
रिमोट टेंपोच्या लॉकचा, साडेतीनशेचा संच.
बॅटरी पोराच्या मोडक्या लुनाची.

ताण्यातला एक धागा तुटला तरी माग थांबतो.
मग पत्र्याखाली मान आली तर
दारानं थांबायला नको?
पहिल्यांदा वांगं ठेवून पाहिलं.
चिरलं.
स्प्रिंग बदलली. दुसऱ्या वांग्यावर नुसता वळ.
तिसऱ्या वेळी माझं मनगट.
नागमणी म्हणाली, हात काढ, येडा का काय.
दार टेकलं, कुरकुरलं, परत वर गेलं.
दोन्ही वांग्यांची भाजी झाली, शेंगाचा कूट घालून.

रिमोट तिनं गळ्यातल्या किल्लीच्या दोऱ्यात ओवला.
तंबाखूनं पिवळा झालेला अंगठा टेकवला.
सर्रर्र, खाली.
हसली नाही. वर केलं. खाली. परत वर.
सात वेळा.
"बॅटरी संपंल."
"संपू दे की."

पाचव्या रात्री अडीचला दार आपोआप वर.
सहाव्या रात्रीही अडीचला.
सातव्या रात्री मी परसात बाज टाकली, काठी घेऊन.
मुंगूस नाही, वारा नाही.
समोर इलाही बागवान कांद्याचा टेंपो लावून उतरला,
लॉक केलं, टुक-टुक,
आणि माझं दार
आज्ञाधारक पोरासारखं उठून उभं.

"काय बे जॉबर, माझ्या गाडीनं तुझ्या कोंबड्या उठवायलीस?"
एकच दुकान. एकच संच.
मग त्यानं डोक्याला हात लावला.
आठवडाभर दिवे लागणीला
त्याचा टेंपो आपोआप लॉक होत होता,
किल्ली आत ठेवून.
दोनदा काच फोडली होती त्यानं.
घरी शकीला म्हणत होती, दर्ग्यात नारळ देऊन या.

बरणीभर शेंगाचटणी देऊन भांडण मिटवलं.
सर्किटवरचे तीन टाके उसवले, दुसरीकडे घातले.
आता त्याची गाडी त्याची, माझं दार माझं.

तरी सहाला ती ओट्यावरून हाक घालतेच,
दा, दा, दा, तेलुगूत.
टर्किश आत शिरते, तिच्यामागं बाकीच्या.
नॅपकिन लंगडत शेवटी, मधेच थांबून माती उकरत.
अंगठा बटणावर,
दुसऱ्या हातात अर्धी वळलेली विडी उलगडत चाललेली.
शेकड्याचा हिशेब चुकतो.
मी पारावर जात नाही हल्ली,
इथंच बसतो, मोटारीत तेल घालायचं निमित्त करून.

रात्री अडीचला टुक-टुक होतं.
झोपेतच ती मला ढोसते:
बघ, गेलं वर.
गेलेलं नसतं.
मी उठून बघून येतो.